मुक्काम न ठरविता

युरोप खंडात मोटारीने हिंडावयाचे, निघण्याची व परतण्याची तारीख तेवढी निश्चित करावयाची, आणि मधल्या कोणत्या रात्री कोणत्या गावी उतरावयाचे हे त्या त्या दिवसावर सोपवावयाचे, असा बेत एखाद्या मराठी घरात बोलून दाखविला म्हणजे त्या घराचे तत्काळ दोन पक्ष पडतात. आणि माझा अनुभव असा आहे की हे पक्ष वयावरून पडत नाहीत, शिक्षणावरूनही पडत नाहीत, तर ज्यांच्यावर आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीची जबाबदारी राहिली ते एका बाजूस आणि ज्यांना स्वतःपुरती वाट काढण्याची मुभा मिळाली ते दुसऱ्या बाजूस, असे ते पडतात. माझे सातारचे एक स्नेही महसूल खात्यात मामलेदार होते. त्यांची भाची जर्मनीत स्टुटगार्ट येथे अभियंता आहे. येत्या जून महिन्यात मामा-मामींनी तिकडे यावे, आणि ती, तिचा नवरा व हे उभयता अशा चौघांनी तिच्या मोटारीने डॅन्यूब नदीच्या उगमापासून खाली जाता येईल तितके जावे, असे तिने योजिले. ती सुटीवर आली असता या बेतावरून मामा-भाचीत जो वाद झाला, त्या वेळी मी तेथे बसलो होतो. वाद मूळ प्रश्नाच्या पुष्कळ पलीकडे गेला, आणि म्हणूनच तो लिहून ठेवावासा वाटला.

मामा : तू पाठविलेल्या कागदात आरंभाची तारीख आहे, अखेरची तारीख आहे, आणि मधले सर्व रकाने कोरे आहेत. ज्यात मुक्कामाचे गाव नाही, त्याला मी प्रवासाचा जाबता म्हणत नाही.

भाची : मामा, ते रकाने राहून गेलेले नाहीत, मुद्दाम कोरे ठेवले आहेत. वाट ठरलेली आहे, ती नदीची वाट आहे. डोनाउएशिंगेन येथे ब्रेग आणि ब्रिगाख हे दोन प्रवाह मिळतात आणि तेथून पुढे नदीला डॅन्यूब म्हणतात. ते गाव आमच्या घरापासून दीड-एक तासावर आहे. तेथून उल्म, रेगेन्सबुर्ग, पासाउ, मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, एस्तेरगोम, बुडापेस्ट. उल्मला सोमवारी पोचायचे की बुधवारी, एवढेच मी ठरविलेले नाही.

मामा : तेच तर ठरवावे लागते. गाव नकाशावर असतेच, ते तू ठरविले नाहीस तरी हलत नाही. माणसाने ठरवावयाची गोष्ट वार आणि वेळ हीच.

भाची : मग मी गेल्या उन्हाळ्यातली हकीकत सांगते. आम्ही दोघे याच वाटेने उल्मला निघालो होतो. इमेंडिंगेन नावाच्या गावापाशी रस्त्याकडेला एक पाटी दिसली, म्हणून उतरलो. नदीकडे जाऊन पाहतो तो नदीच नाही! पांढऱ्या चुनखडीचे गोटे, त्यांवर वाळून कडक झालेले शेवाळ, आणि काठाशी एका भेगेत थोडे पाणी गुळगुळ आवाज करीत खाली जिरत होते. वर्षातले कितीतरी दिवस डॅन्यूब तेथे अशी जमिनीत उतरते. लोक पात्रातून चालत पलीकडे जात होते, मुले दगड रचत होती. ते पाणी जाते कोठे, हा प्रश्न १८७७ साली क्नोप नावाच्या शास्त्रज्ञाने सोडविला. त्याने त्या भेगांमध्ये मणावारी मीठ आणि हिरवा चमकणारा रंग सोडला, आणि सुमारे साठ तासांनी दक्षिणेकडे बारा किलोमीटरांवरच्या आख येथील झऱ्यातून खारट, हिरवे पाणी वर आले. तो झरा पुढे ऱ्हाईनला मिळतो. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी उत्तर समुद्रात जाते. ते वाचल्यावर आम्ही उल्म सोडून दिले आणि आखकडे वळलो. तो झरा एखाद्या तळ्यासारखा आहे. तळातून पाणी उसळत असते, तरी वरचा पृष्ठभाग संथ, निळसर हिरवा. आम्ही अंधार पडेपर्यंत तेथे होतो. उल्मला खोली ठरविलेली असती, तर मला ते पात्र मोटारीच्या खिडकीतून दिसले असते आणि झरा दिसलाच नसता.

मामा : तू सांगितलेस ते ऐकून मलाही तेथे जावेसे वाटते. पण यातून निघते काय? ती पाटी कोणीतरी लावली होती, म्हणजे ते स्थळ माहितीतले होते. आधी चौकशी केली असती तर जाबत्यात आख हे गाव घालता आले असते, आणि पाणीही दिसले असते, रात्रीची खोलीही असती.

भाची : स्थळ घालता आले असते. तेथे किती वेळ उभे राहावेसे वाटेल, हे कोठून घालणार?

येथे मामा क्षणभर थांबले. प्रश्न त्यांना लागला होता, हे त्यांच्या चर्येवरून स्पष्ट दिसत होते. परंतु ज्या मनुष्याने पंचवीस-तीस वर्षे जमावाची व्यवस्था पाहिली, तो एका प्रश्नाने आपली जागा सोडील, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

मामा : मी फलटणला असताना आषाढीच्या पालखीचा बंदोबस्त माझ्याकडे होता. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी कोणत्या तिथीस लोणंदला, कोणत्या तिथीस तरडगावला, कोणत्या तिथीस फलटणला, हे आधी ठरलेले असते. दिंड्यांचे क्रम ठरलेले, नीरास्नान ठरलेले, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण ठरलेले. त्या ठरीव क्रमाने कोणा वारकऱ्याचा आनंद कमी झालेला मी पाहिला नाही. उलट, रात्री पाठ कोठे टेकावयाची याची विवंचना नसते, म्हणून त्याच्या मुखात दिवसभर नाम राहते. बंदोबस्त आनंदाचा शत्रू आहे, हे तुमच्या पिढीने धरून ठेवलेले मत मला मान्य नाही.

भाची : तेथे लाखो माणसे एका वाटेने जातात, मामा. मुक्काम ठरला नाही तर पाणीही पुरणार नाही. आणि पंढरपूर हे स्थान सर्वांचे एकच आहे. आम्ही चौघे आहोत, आणि आमचे पंढरपूर कोठे आहे हे आम्हांला अजून ठाऊक नाही. शिवाय मोटारीचा पहिला लांबचा प्रवास ज्या बाईने केला, तिनेही मुक्काम ठरविले नव्हते.

मामा : कोणती बाई?

भाची : बेर्था बेंझ. कार्ल बेंझने मोटार बनविली खरी, पण ती विकत कोणी घेईना. १८८८ च्या ऑगस्टात त्याच्या या पत्नीने दोन मुलांना घेतले, नवऱ्याला आधी न सांगता गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरांहून अधिक, ती चालवीत नेली. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधविक्याकडून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचा लाकडी ठोकळा झिजला, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे बसवून घेतले. यांतले काय तिला आधी जाबत्यात लिहिता आले असते?

मामा : फोर्झहाइमला तिचे काय होते?

भाची : माहेर. आई तेथे होती.

मामा : मग ती मुक्काम न ठरविता निघाली असे कसे म्हणतेस? ज्या बाईच्या वाटेच्या शेवटी आईचे घर आहे, तिच्याइतका पक्का मुक्काम जगात दुसऱ्या कोणाचा असेल? वाटेत ती धीटपणे वागली, याबद्दल मला तिचा आदरच वाटतो. पण ज्या प्रवासाच्या टोकाला आपले माणूस दिवा लावून बसलेले असते, तो प्रवास आणि परक्या मुलखात रात्री नऊ वाजता खोली शोधीत फिरणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालू नकोस.

माझ्या मते मामांचा हा मुद्दा बिनतोड होता, आणि भाचीनेही तो तसाच घेतला. पण ती दुसरे उदाहरण घेऊन आली, व त्या उदाहरणाने वादाचे स्वरूपच पालटले.

भाची : बरे, ज्याचे वाटेत कोठेच घर नव्हते, असा एक सांगते. पॅट्रिक ली फर्मर. १९३३ च्या डिसेंबरात, वय वर्षे अठरा, हूक ऑफ हॉलंडला बोटीतून उतरला तो पायी निघाला, पहिल्याने ऱ्हाईनच्या आणि मग याच डॅन्यूबच्या काठाने, थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत. तेथे पोचला १९३५ साल उजाडण्याच्या सुमारास. कधी शेतकऱ्याच्या गोठ्यात निजला, तर कधी सरदाराच्या वाड्यात. त्याच्या प्रवासवृत्ताचा पहिला खंड पुढे १९७७ साली निघाला, आणि तो संपतो एस्तेरगोमच्या पुलावर. त्या पुलावर मला तुम्हां दोघांना घेऊन जायचे आहे.

मामा : तो पायी गेला, वाड्यांत राहिला. त्याला वाड्यांत कोणी घेतले?

भाची : ओळखीची पत्रे मिळत गेली. एका घरच्या माणसांनी पुढच्या घराला लिहावे, असे.

मामा : पैसा?

भाची : आठवड्याला एक पौंड, असे चार-चार पौंड वाटेवरच्या टपाल कचेरीत त्याच्यासाठी येऊन पडत.

मामा : आणि त्याची चोरी वगैरे झाली नाही?

भाची : झाली ना! म्युनिकला त्याची पाठपिशवी गेली, पारपत्रासकट. मग ब्रिटिश वकिलातीने त्याला नवे पारपत्र दिले आणि वर पाच पौंड उसने दिले.

मामा : आता तू स्वतःच बोललेल्या गोष्टींचा ताळेबंद मांड. टपाल कचेरीत ठराविक मुदतीने रक्कम जमा. वाटेवर ओळखपत्रांची साखळी. पारपत्र हरवले तर नवे देणारी वकिलात, आणि त्या वकिलातीच्या मागे त्या काळचे सर्वांत बलाढ्य साम्राज्य. तो मुलगा मोकळा हिंडला असे तू म्हणतेस. तो मोकळा हिंडू शकला, कारण त्याच्या मागे एक अख्खे दप्तर उभे होते. त्याच्या वयाचा एखादा सातारचा मुलगा त्याच वर्षी त्याच वाटेने निघता, तर कोणत्या हद्दीवर त्याला थांबवून ठेवले असते? तुमच्या या मुक्त प्रवाशांच्या कथा मी वाचतो, मला त्या आवडतात. पण त्यांतला प्रत्येक जण आपल्या पाठीमागचा कारकून सांगावयाचा विसरतो, याचे मला दुःख होते. मी तो कारकून होतो.

हे शेवटचे वाक्य मामा अगदी साधेपणाने बोलले. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग भाचीने आपल्या पिशवीतून कागद काढले, आणि मला वाटते, त्या सबंध संध्याकाळी ती प्रथमच मामांच्या बाजूला येऊन बसली.

भाची : हे मला मान्य आहे. मी जर्मनीत राहते, माझ्याजवळ तेथला राहण्याचा परवाना आहे, म्हणून मला ते सहज विसरता येते. तुमच्याजवळ भारतीय पारपत्र आहे, तुम्हांला ते विसरून चालणार नाही. तेव्हा कागदाचा भाग आपण तुमच्या पद्धतीने करू. सांगा.

मामा : मी सर्व वाचून ठेवले आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी दाखल झाला पाहिजे. ज्या देशात मुख्य वास्तव्य, त्या देशाकडे अर्ज; म्हणजे जर्मनीकडे. तीस हजार युरोंचे आजारपणाचे विमापत्र. यजमान म्हणून तुझे हमीपत्र, ते तू तिकडच्या कचेरीतून रीतसर करून पाठवावयाचे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही; आणि २०२५ च्या १२ ऑक्टोबरपासून हद्दीवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन दिवस यंत्रावर मोजण्यास प्रारंभ झाला आहे, तेव्हा शिक्का पुसट उठला अशी सबब राहिलेली नाही. आता मुख्य प्रश्न. नदी बुडापेस्टच्या खाली कोठे जाते?

भाची : हंगेरीतून क्रोएशियाच्या कडेला. २०२३ च्या १ जानेवारीपासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, तेव्हा वुकोवार आणि त्याच्या पुढे इलोकपर्यंत आपण जाऊ शकतो. इलोकला पलीकडचा काठ सर्बियाचा. मग ती सर्बियातच शिरते.

मामा : आणि सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे. व्हिसा एका प्रवेशाचा असेल आणि तुझ्या मनात आले म्हणून आपण बेलग्राद पाहावयास हद्द ओलांडली, तर परत तुझ्या घरी येण्याचा मार्ग बंद. तुझी बॅग, माझी औषधे, परतीचे विमान, सर्व जर्मनीत. आणि मी व तुझी मामी सर्बियात. कोरा रकाना येथे चालणार नाही.

भाची : नाही चालणार. इलोकच्या पुढे जायचे की नाही, हे व्हिसावरची मुभा पाहून आजच लिहून टाकू. मोटारीचेही तसेच. ऑस्ट्रियाच्या महामार्गावर चाके टेकण्याआधी पथकराचा विग्नेट पाहिजे, हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा पथकर संगणकावर भरायचा, गाडीत धोक्याचा त्रिकोण, चमकते जाकीट, प्रथमोपचाराची पेटी. आणि जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरापासून आपल्या सर्व जमिनीवरच्या हद्दींवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, तेव्हा पारपत्र बॅगेच्या तळाशी नको, हाताशी पाहिजे. हे सर्व पक्के. पण मामा, यांतला कोणताही कागद मला असे विचारत नाही, की मेल्क आणि क्रेम्स यांच्या मधल्या छत्तीस किलोमीटरांना मी एक तास दिला की दोन दिवस.

या दोन गावांमधल्या खोऱ्याला वाखाउ म्हणतात. एका टोकाला मेल्कचा पिवळ्या भिंतींचा प्रचंड मठ, उतारांवर दगडी बांध घालून लावलेले द्राक्षमळे, सखल भागात जर्दाळूच्या बागा, आणि ड्यूर्नस्टाइनच्या माथ्यावर तो पडका किल्ला, जेथे धर्मयुद्धावरून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. जुलैच्या मध्यास जर्दाळू पिकतात, तेव्हा शेतकरी रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसतात. तेथील पुष्कळ घरांवर खोली मोकळी असल्याची पाटी असते, ती पाहून दार ठोठवावयाचे. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोली बहुधा मिळते.

मामा : आणि शनिवारी?

भाची : शनिवारी मिळेलच असे नाही. तिकडे शनिवारी लग्ने, सहली, सायकलवाले. रविवारी दुकाने बंद. सोमवारी खेड्यातल्या पुष्कळ खाणावळी बंद.

मामी : मग रविवारी आणि सोमवारी आपण जेवायचे काय, हे कोणी ठरविणार आहे का? मी मांसाचे पाणी घातलेले सूप घेणार नाही.

मामींचे हे बोलणे वादाच्या प्रवाहात थोडे आडवे आले खरे; परंतु सगळ्या चर्चेतील पहिला ठोस निर्णय त्यातूनच निघाला. शनिवार ते सोमवार स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड आधी ठरवून घ्यावयाचे, गाडीत लहान कुकर, तांदूळ, मुगाची डाळ आणि मेतकूट ठेवावयाचे, आणि मंगळवार ते शुक्रवार या रात्री मोकळ्या सोडावयाच्या, असे ठरले. मामांनी ते तारखांसह लिहून काढले, आणि मोकळ्या रात्रींच्या रकान्यांत स्वतःच्या हाताने ‘मोकळी’ असे लिहिले.

मामांनी मला माझे मत विचारले, ते मी येथेही लिहितो. मी भाचीच्या बाजूचा आहे, परंतु मामांच्या कारणाने. १९८५ च्या १४ जूनला लक्झेंबुर्गमधील शेंगेन गावापाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. तपासणीच्या चौक्या प्रत्यक्ष उठावयास १९९५ चा मार्च उजाडला. मधली दहा वर्षे कोणी पायी हिंडत नव्हते, तर मसुदे लिहीत होते, पोलिसांचे दप्तर एकमेकांशी रुजवीत होते. आणि एस्तेरगोमचा तो पूल, ज्यावर फर्मरचा पहिला खंड संपतो, तो १९४४ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने उडविला, आणि २००१ च्या ऑक्टोबरापर्यंत तो तसाच मोडका राहिला. सत्तावन्न वर्षे एका काठच्या माणसाला समोरच्या काठावरील घंटा ऐकू येत होती, पण पुलावरून तिकडे जाता येत नव्हते. आज तेथे एखाद्याच्या सकाळी मनात येते आणि तो पलीकडे चहा घेऊन परत येतो. मनात येणे आणि पलीकडे जाणे यांमधले अंतर इतके कमी करण्यासाठी युरोपाने जे सोसले व जे लिहिले, त्याचे फळ नेमके ही मनात येण्याची मुभाच आहे. सहल कंपनीच्या बसमधून सकाळी साडेनऊला उतरून दहा वाजता पुन्हा चढणाऱ्या प्रवाशाला तो पूल दिसतो, पण ती मुभा उपभोगता येत नाही. कारकुनाने वर्षानुवर्षे बसून जी वाट मोकळी केली, तिच्यावर मोकळेपणाने न चालणे हा त्या कारकुनाच्या कामाचा अनादर आहे, असे मी मामांना म्हणालो, आणि त्यावर ते काही बोलले नाहीत.

व्हिसाचा अर्ज दाखल झाला आहे. वाचकांपैकी कोणी अशा प्रवासाची तजवीज करीत असल्यास त्यांनी अर्जात एका प्रवेशाऐवजी अनेक प्रवेशांची मुभा मागावी, शाळांच्या सुट्यांचे आठवडे टाळावेत. आणि एस्तेरगोमला पोचल्यावर गाडी काठावर उभी करून तो पूल पायी ओलांडावा, ही विनंती आहे.